अध्याय २, श्लोक २२ : कपडे बदलणारा कोण, आणि ते तपासायचं कसं?



आज सांख्ययोगातला बाविसावा श्लोक. जुने कपडे टाकून नवे घालावेत तसा देही जुनी शरीरं टाकून नवी घेतो, हा दृष्टांत. दहाव्याला, तेराव्याला, शोकसभेत, चौकातल्या श्रद्धांजलीच्या बॅनरवर हा श्लोक इतक्या वेळा भेटतो की थांबून त्याच्याकडे बघायची वेळच येत नाही. शब्दार्थ सोपा आहे, त्यात आज वेळ घालवत नाही. आज एकच प्रश्न घेऊ. हे खरं आहे की नाही, ते तपासता येतं का?

प्रश्न काहींना उद्धट वाटेल. माझा धंदा सॉफ्टवेअरचा. तिथे कुणी 'हे चालतं' म्हणालं की पुढचा प्रश्न ठरलेला, 'टेस्ट केलंस का?' ही सवय चपलेसारखी देवघराबाहेर काढून ठेवता येत नाही, आणि ठेवावी असं मला वाटतही नाही. कठोपनिषदात नचिकेताने यमाला तिसऱ्या वराला हेच विचारलं ना? मेल्यावर माणूस उरतो असं काही म्हणतात, उरत नाही असं काही म्हणतात, तू खरं ते सांग. यम म्हणतो, बाबा रे, याबद्दल देवांनाही शंका होती, दुसरं काहीतरी माग. शंका हे पाप असतं तर त्या पोराला दारातूनच परत पाठवलं असतं.

तपासणीची आपल्याकडची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात भयंकर गोष्ट बौद्ध वाङ्मयात आहे. दीघनिकायात पायासिसुत्त नावाचं सुत्त आहे (जैनांच्या रायपसेणिय आगमातही जवळपास असाच संवाद आहे). पायासी हा कोसल देशातल्या सेतव्या गावचा अधिपती. त्याचं म्हणणं : परलोक नाही, पुनर्जन्म नाही, कर्माचं फळ नाही. आणि हा नुसता बोलणारा नव्हता, त्याने प्रयोग केले होते. मरायला टेकलेल्या पापी नातेवाईकांना त्याने सांगून ठेवलं होतं, नरकात गेलात तर परत येऊन सांगा. कुणी आलं नाही. पुण्यवानांनाही तेच सांगितलं. तेही आले नाहीत. मग त्याने एका चोराला जिवंत रांजणात घातलं, तोंड ओल्या कातड्याने बांधलं, वर मातीचा जाड लेप दिला आणि रांजण आगीवर ठेवला. चोर मेल्यावर तोंड हळूच उघडून बघितलं, जीव बाहेर पडताना दिसतो का. दिसला नाही. दुसऱ्याला जिवंत असताना तोलला, धनुष्याच्या दोरीने गळा आवळून मारला आणि पुन्हा तोलला. प्रेत उलट जडच भरलं म्हणे.

कुमार कस्सप नावाचे भिक्खू त्याला उत्तरं देतात. काही उत्तरं झकास आहेत. नरकातून सुट्टी कोण देतो? तुझ्या पहारेकऱ्यांनी पकडलेल्या चोराला 'घरी जाऊन निरोप देऊन ये' म्हणून तू सोडशील का? स्वर्गाबद्दलचं उत्तर त्याहून मजेशीर. तिथला एक दिवस म्हणजे इथली शंभर वर्षं. तो 'जरा दोन दिवस बस्तान बसू दे, मग सांगून येतो' म्हणेपर्यंत तू कुठे असशील? आणि माझं आवडतं उत्तर शंखाचं. ज्यांनी शंख कधी पाहिला नाही अशा गावात एक शंख वाजवणारा येतो. आवाज ऐकून लोक शंखाभोवती जमतात, त्याला उलटा करतात, पालथा करतात, काठीने ठोकतात आणि म्हणतात, बोल! शंख बोलत नाही. कारण वाजवणारा, त्याचा प्रयत्न आणि वारा, तिन्ही असल्याशिवाय आवाज नाही, आणि शंख फोडून त्यातून आवाज बाहेर पडणार नाही.

पण इंजिनियर म्हणून मला इथे टोचतं. ही उत्तरं सुंदर आहेत, पण ती सगळी एकच सांगतात : तुझा प्रयोग फसला याचा अर्थ जीव नाही असा होत नाही. कबूल. मग जीव आहे असं दाखवणारा प्रयोग कुठला? तो कस्सप सुचवत नाहीत. आणि वजनाच्या मुद्द्यावर ते म्हणतात की तापलेला लोखंडाचा गोळा हलका होतो, तसं ऊब आणि प्राण असलेलं शरीर हलकं. लोखंड तापल्याने असं हलकं होत नाही. म्हणजे उपमा पटली तरी आतलं पदार्थविज्ञान चुकलेलं असू शकतं, हे लक्षात ठेवायला हवं. प्रवचन ऐकताना आपण उपमेवरच मान डोलावतो.

पायासीचाच तराजू विसाव्या शतकात पुन्हा निघाला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हेवरहिल गावच्या डंकन मॅकडुगल या डॉक्टरांनी मरणासन्न रुग्णांचा पलंगच काट्यावर ठेवला. १९०७ साली त्यांनी निष्कर्ष छापले. रुग्ण फक्त ६. त्यातली दोन मोजमापं त्यांनी स्वतःच बाद केली. पहिल्या रुग्णाचं वजन मृत्यूच्या क्षणी पाऊण औंस, म्हणजे साधारण २१ ग्रॅम कमी झालं, आणि तोच आकडा जगभर झाला. व्हॉट्सअॅपवर अजून फिरतो, त्याच्या नावाचा हॉलिवूडचा सिनेमाही निघाला. ऑगस्टस क्लार्क या दुसऱ्या डॉक्टरांनी त्याच वर्षी शंका काढली की श्वास थांबला की फुफ्फुसातून रक्त थंड होणं थांबतं, अंग तापतं, घाम सुटतो, वजन घटणारच. मॅकडुगलांनी १५ कुत्रेही तोलले. त्यांचं वजन घटलं नाही, म्हणून कुत्र्यांना आत्मा नाही, असं त्यांनी ठरवलं. आता जो आकडा 'आपल्या धर्माचा पुरावा' म्हणून आपण पुढे पाठवतो, तो मान्य केला तर पाचव्या अध्यायात विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती आणि कुत्रा यांच्यात एकच पाहणारा पंडित सांगितलाय, तो खोटा पडतो. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव तर बाजूलाच राहिले. फॉरवर्ड करण्याआधी एवढं तरी बघावं.

आपल्या परंपरेत यापेक्षा फार सभ्य मार्ग होता, अनुमानाचा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय मिळाला तर जरूर वाचा. वैद्यकाचं पुस्तक, पण तिथे सरळ विचारलंय : इथून गेल्यावर आपण पुन्हा होऊ की नाही? मग आप्तवचन, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशा चार कसोट्या लावल्यात. अपत्यं आईबापांसारखीच निघत नाहीत, एकाच आईबापांच्या मुलांचा रंग, आवाज, बुद्धी, नशीब वेगवेगळं असतं, नुकतं जन्मलेलं बाळ न शिकवता रडतं, दूध ओढतं, हसतं, घाबरतं. ही शिकवण आली कुठून? आधीच्या जन्माच्या सवयीतून. न्यायसूत्रातही हाच युक्तिवाद आहे. त्यातलं मला आवडतं ते असं की तिथे विरोधकाचं म्हणणंही प्रामाणिकपणे नोंदवलंय. तो म्हणतो, कमळ उमलतं-मिटतं ते काय पूर्वजन्मीच्या आठवणीने? लोखंड लोहचुंबकाकडे जातं ते काय सवयीने?

नैयायिकांनी त्याला उत्तर दिलं, पण आजच्या तारखेला तो कमळवाला जास्त भक्कम उभा आहे. भावंडं वेगळी का, याचं उत्तर जनुकांच्या मिसळणीत मिळतं. बाळ दूध ओढतं ती जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया आहे, गर्भातच अंगठा चोखणारं बाळ सोनोग्राफीत दिसतं. चरकांचा तर्क त्या काळच्या माहितीवर उत्तम होता. माहिती वाढली, तर्काचा आधार सरकला. यात चरकांचा अपमान नाही. कसोटी लावायला त्यांनीच शिकवलं.

पुढे येतात आठवणी. व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन आयुष्यभर मागच्या जन्माबद्दल बोलणाऱ्या मुलांच्या मागे फिरले. भारत, श्रीलंका, लेबनॉन, ब्राझील, अलास्का. १९६६ साली त्यांचं वीस प्रकरणांचं पुस्तक आलं. शीर्षकात त्यांनी 'पुनर्जन्म सुचवणारी' असा जपून शब्द वापरला, 'सिद्ध करणारी' नाही. माणूस काळजीने काम करणारा होता. अडचण अशी की बहुतेक वेळा संशोधक पोचायच्या आत दोन्ही घरं भेटलेली असतात, आणि मूल आधी काय म्हणालं आणि नंतर काय जोडलं गेलं ते वेगळं काढता येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग नंतर लिहिलेला आहे.

यातलं एक प्रकरण आपल्या नागपूरचं. १९७४ साली तिशीतली एक मराठी बाई एकाएकी बंगाली बोलू लागली, स्वतःला शारदा म्हणू लागली, जुन्या काळच्या बंगाली गृहिणीसारखी वागू लागली. काही दिवस शारदा, मग पुन्हा मूळची बाई, मराठी बोलणारी. स्टीव्हन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा बराच अभ्यास केला. पण त्या बाईंनी तरुणपणी बंगाली वाचायला थोडंफार शिकलेलं होतं, बंगालची ओढही होती. आणि मामा वरेरकरांनी केलेली शरच्चंद्रांची भाषांतरं मराठी वाचकाला चांगली ओळखीची होती. मग तो पूर्वजन्म की मनाच्या तळघरात साठलेलं काही? मला तरी यातून ठाम काही काढता येत नाही.

स्टीव्हन्सनचा एक प्रयोग मात्र मला खरोखर आवडतो. त्यांनी आकड्यांचं एक कुलूप घेतलं, फक्त स्वतःला माहीत असलेला आकडा त्यावर लावला आणि ते विभागातल्या कपाटाला लावून ठेवलं. मेल्यावर काही उरलं तर मी कुणामार्फत तरी आकडा कळवीन. निकाल काय धरायचा ते आधीच ठरलेलं, नंतर ओढाताण नाही. २००७ साली स्टीव्हन्सन गेले. कुलूप उघडल्याची बातमी नाही. २०१४ साली छापून आलेल्या एका मोठ्या पाहणीतही असंच झालं. १५ रुग्णालयं, हृदय बंद पडल्याच्या २०६० घटना, आणि कुणी शरीराबाहेर जाऊन वरून खाली पाहिलंच तर दिसावं म्हणून फळ्यांवर छताकडे तोंड करून ठेवलेली चित्रं. शुद्ध नसतानाचं काही ऐकल्या-पाहिल्याचं ज्या एका रुग्णाचं सांगणं पडताळता आलं, त्याच्या खोलीत फळीच नव्हती. पायासीचे नातेवाईक अजून परत आलेले नाहीत, आणि कस्सपांचं उत्तरही अजून तसंच लागू आहे.

आता श्लोकाकडे. आपण 'आत्मा' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. याच अध्यायात, तीनच श्लोकांनंतर, आत्म्याला अव्यक्त आणि अचिंत्य म्हटलंय. इंद्रियांना न दिसणारा, मनालाही न सापडणारा. मग तो काट्यावर कसा सापडेल? बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला विचारतात, जो जाणणारा आहे त्याला कशाने जाणायचं? या अर्थाने आत्म्याची चाचणी होत नाही, पण याला पळवाट म्हणता येत नाही. डोळ्याने डोळा बघायचा म्हटल्यासारखं आहे ते.

पण हा आत्मा प्रवास करतो का? तो तर सर्वत्र आहे, अचल आहे, असं त्याच चोविसाव्या श्लोकात सांगितलंय. अचल गोष्ट एका देहातून दुसऱ्या देहात जाईल कशी? जातं ते वेगळं. पंधराव्या अध्यायात ते येतं. वारा जसा फुलांचा वास घेऊन जातो तसा जीव मन आणि इंद्रियं बरोबर घेऊन जातो. सूक्ष्म शरीर म्हणतात ते हे. संस्कार, वासना, सवयी यातल्या. आणि हा दावा मात्र जगातला दावा आहे. काहीतरी एकीकडून दुसरीकडे जातं म्हटलं की त्याची खूण कुठेतरी उमटायला हवी, ती शोधणं रास्त आहे, आणि आजवर शोधून भक्कम काही हाती आलेलं नाही. पहिल्या आत्म्याच्या अचिंत्यपणाआड दुसऱ्या दाव्याला लपवणं मला अप्रामाणिक वाटतं. चौथ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात, तुझे माझे पुष्कळ जन्म झाले, मला ते सगळे माहीत आहेत, तुला नाहीत. म्हणजे साक्षात अर्जुनाकडेही पुरावा नव्हता. त्याच्याकडे सांगणाऱ्यावरचा विश्वास होता. माझ्याकडेही तेवढाच आहे, आणि तो मी पुरावा म्हणून कुणापुढे ठेवत नाही.

इथपर्यंत सगळं शांत डोक्याने चालतं. खरं दुखतं ते कर्माच्या हिशोबापाशी.

माझ्या ऑफिसमधल्या एका मित्राच्या मुलाला सहाव्या वर्षी टाइप वन डायबेटिस निघाला. दिवसातून चार-चार वेळा इन्सुलिनचं इंजेक्शन. घरी भेटायला आलेल्या एका नात्यातल्या मावशी म्हणाल्या, "काय करणार, मागच्या जन्मीचं देणं असतं, फेडावंच लागतं." त्या वाईट नाहीत. त्यांना धीरच द्यायचा होता. पण मुलाची आई त्या दिवसापासून झोपेना. आधी ती गरोदरपणात काय खाल्लं ते आठवत होती, आता न आठवणारा जन्म आठवायला बसली. मित्राने मला गाठलं. "तू रोज गीता वाचतोस ना? मग सांग, आमच्या पोराने काय केलं होतं?"

मी म्हणालो, मला माहीत नाही, आणि मावशींनाही माहीत नाही. वैद्यकाला जे माहीत आहे ते एवढं, की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उलटते. तो म्हणाला, "ते डॉक्टरांनी सांगितलं. पण आमच्याच पोराच्या का?" त्याला मी काही उत्तर दिलं नाही. चहा घेतला दोघांनी.

नंतर मात्र डोक्यात चक्र सुरू झालं. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी हा आजार झालेली मुलं थोड्याच काळात जायची. मग १९२१ च्या मुलाचं देणं मृत्यूएवढं आणि १९२३ च्या मुलाचं इंजेक्शनाएवढं? हिशोब टोरोंटोच्या प्रयोगशाळेत बदलला? यावर उत्तर तयार असतं : इन्सुलिनच्या काळात जन्माला येणं हेही त्याचंच पुण्य. बघा, गंमत इथेच आहे. मुलगा गेला तर कर्म, वाचला तर कर्म, औषध मिळालं तर कर्म, परवडलं नाही तर कर्म. जी टेस्ट कुठल्याही इनपुटला 'पास' म्हणते, ती टेस्ट काहीच तपासत नसते.

आणि ती निरुपद्रवीही नसते. चौदाव्या शतकातले आपले चोखोबा मंगळवेढ्याचे. देवळाच्या दाराबाहेर ज्यांना उभं ठेवलं, त्यांच्याच नावावरच्या एका अभंगात आपल्या हीन जन्माचं कारण आपणच मागच्या जन्मी केलेला अपराध आहे असं येतं. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याच तोंडी अन्यायाची सफाई. मला तो अभंग वाचवत नाही. त्यांचा मुलगा कर्ममेळा (नाव बघा!) मात्र देवालाच जाब विचारतो. पुढे १९४८ साली बाबासाहेबांनी अस्पृश्यांवरचा आपला ग्रंथ ज्या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला त्यात चोखामेळा एक. आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये त्यांनी नेमकं हेच नाकारलं, की माणसाची आजची गरिबी आणि हीन स्थिती त्याच्या गतजन्मीच्या कर्माने ठरते. असं मानलं की समाजाची जबाबदारीच संपते. याला उत्तर माझ्याकडे नाही. मला ते बरोबर वाटतं.

हेतू चांगला असला म्हणून भागत नाही. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. अस्पृश्यता जावी म्हणूनच म्हणाले. तरी रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर विरोध केला, निसर्गाच्या घटनेला असं नैतिक कारण चिकटवू नका म्हणून. भूकंपात मेलेल्यांमध्ये अस्पृश्यही असणारच होते. तिथे मी टागोरांच्या बाजूने आहे.

तर मग कर्मसिद्धांत सोडला का? नाही सोडला. चौथ्या अध्यायात कर्माची गती गहन म्हटली आहे, ती मी शब्दशः घेतो. गहन म्हणजे मला दुसऱ्याचं खातं वाचता येत नाही. मावशींनाही नाही, कुठल्या बुवालाही नाही. मी आज जे करतो त्याने मी उद्या कसा माणूस होणार ते ठरतं, एवढं तर याच जन्मात रोज दिसतं. रागावलो की पुढच्या वेळी राग सोपा होतो. त्यासाठी पूर्वजन्म लागत नाही. त्यापुढची साखळी मरणापलीकडे जाते, हे मी श्रद्धेने मानतो, आणि ते माझ्यापुरतं, पुढच्या दिशेने मानतो.

यावर बायकोचा आक्षेप आहे, तो इथे लिहितो कारण तो बरोबर आहे. ती म्हणते, "हे सोयीचं झालं. नियम असेल तर सगळ्यांना मागे-पुढे सारखाच लागू होईल. तू त्याची दुखरी बाजू तेवढी काढून टाकलीस." खरं आहे. ब्रह्मसूत्रात देवाला पक्षपात आणि निर्दयतेच्या आरोपातून सोडवायला नेमका मागच्या कर्माचाच आधार घेतलाय. सुरुवातीला कर्म कुठून आलं म्हणाल तर संसार अनादि आहे, असंही पुढे सांगितलंय. मी मागची दिशा बंद केली तर देवावरचा तो आरोप पुन्हा उभा राहतो. सहा वर्षांच्या मुलाला का, या प्रश्नाला मग माझ्याकडे 'माहीत नाही' याशिवाय काही उरत नाही. ते अवघड आहे. पण त्या आईसमोर बसून मला दोन्हींतलं एक निवडायचं असेल, तर देवावर प्रश्न राहिला तरी चालेल, पोरावर नको. देवाला तो पेलवेल.

मुलगा आता दुसरीत आहे. सुई स्वतः टोचून घ्यायला शिकतोय, आणि शाळेच्या डब्यातल्या पोळ्या मोजतो.

उद्या तेविसावा श्लोक : शस्त्र, अग्नी, पाणी आणि वारा. पायासीचे सगळे प्रयोग एका ओळीत येतात त्यात.

जय हरी.